अभ्यासपाठ : विद्यार्थ्याचा पहिला व्हिडिओ गेम



"आम्ही मुलांच्या अभ्यासासाठी संगणक दिला आणि मुले त्यावर गेम करत बसतात, हे कसे?" असे मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मोबाईलवरच्या खेळांनी कितीतरी घरांतली झोप आणि अभ्यास पळवला आहे. पण गेम खेळणे आणि गेम बनवणे यांत भाकरी खाणे आणि भाकरी थापणे इतके अंतर आहे. थापणाऱ्याला पीठ, पाणी, आच आणि हात या सगळ्यांचा अंदाज लागतो. या पाठात आपण पाहू की पहिला गेम बनवताना मूल नेमके काय शिकते. घरी किंवा शनिवारच्या वर्गात कोणाला हे करून पाहायचे असेल, तर पायऱ्याही दिल्या आहेत.

१. पहिला खेळ लहान असावा

१९७२ साली कॅलिफोर्नियात अटारी या नव्या कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचे तरुण अभियंते रुजू झाले. त्यांनी तोवर एकही व्हिडिओ गेम बनवलेला नव्हता. कंपनीचे नोलन बुशनेल यांनी त्यांना केवळ सराव म्हणून एक सोपे काम दिले : एक चेंडू, दोन फळ्या, मध्ये जाळी आणि वर गुण. अल्कॉर्न यांनी त्यात आपली भर घातली. फळीचे त्यांनी आठ भाग कल्पिले. चेंडू मध्यावर लागला तर सरळ परत जाई, कडेला लागला तर तिरका. टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढे. विद्युतमंडलातील एका दोषामुळे फळी पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नव्हती. त्यामुळे खेळाला रंगत येते हे पाहून त्यांनी तो दोष तसाच राहू दिला. हाच 'पाँग'. पहिले यंत्र सनीव्हेल गावातल्या एका बारमध्ये ठेवले होते. ते बंद पडल्याची तक्रार आली म्हणून उघडून पाहिले, तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता.

सरावाचे काम म्हणून केलेला खेळ जगभर गेला. त्यात गोष्टी मोजक्याच होत्या, पण त्या नीट घासूनपुसून केलेल्या होत्या.

आमच्या शनिवारच्या वर्गात नववीत शिकणारी, पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची मुलगी आहे. पहिल्या दिवशी तिने वहीत लिहिले : दहा गावे, नदी, वाघ, पूर, बाजार, लग्नाची वरात. दोन आठवडे गेले आणि पडद्यावर फक्त एक वाघ, तोही उलटा चालणारा. तिसऱ्या शनिवारी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. "ताई, मला जमत नाही. मी शिवणाच्या वर्गात जाते," म्हणाली. शिवणकाम चांगलेच आहे. पण 'जमत नाही' हे मनात घेऊन तिने तिकडे जाऊ नये असे आम्हाला वाटले. लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे त्यातले शहाणपण इथे तंतोतंत लागू पडते. आम्ही तिला एवढेच विचारले, "तुझ्या दहा गावांतली एकच गोष्ट ठेवायची, तर कोणती?" बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "मोहाची फुलं वेचणं."

२. आधी कागद, मग संगणक

संगणकाला हात लावण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहावीत. तिची उत्तरे अशी होती :

खेळणारा कोण? – टोपली.
त्याने काय करायचे? – झाडावरून गळणारी फुले झेलायची.
चुकले कधी म्हणायचे? – फूल जमिनीवर पडले की.
खेळ संपतो केव्हा? – दहा फुले पडली की.

एखाद्या प्रश्नाला चार ओळींचे उत्तर लागत असेल, तर खेळ अजून मोठा आहे असे समजावे.

३. साधन

स्क्रॅच हे विनामूल्य साधन अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झाले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञांची साखळी करायची असते. एकदा संगणकात उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. आपल्या पाड्यांवर ही मोठी सोय आहे.

चित्रे मुलांनी स्वतःच काढावीत. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि रेघांचे हातपाय. ज्या मुलांनी घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हे काढलेले पाहिले आहे, त्यांना संगणकावर काढायला वेळ लागत नाही. पाय वेगवेगळे ठेवून तेच चित्र दोनदा काढले आणि आलटूनपालटून दाखवले, की माणूस चालू लागतो.

४. गणित कुठे येते?

स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच असतो. मधोमध शून्य. डावीकडे उणे २४०, उजवीकडे अधिक २४०. वर अधिक १८०, खाली उणे १८०. नववीच्या गणितातली निर्देशक भूमिती ती हीच. फूल वर १७० या उंचीवर, आडव्या रेषेत कुठेही, यदृच्छया उगवते. दर टप्प्याला ते ५ ने खाली येते. टोपली उणे १३० वर असते आणि बाण दाबला की दर टप्प्याला १० ने सरकते.

पहिल्यांदा तिने फुलाचा वेग १० ठेवला होता. खेळणारी सगळी मुले चिडली. "मोड आहे तुझा गेम," असे म्हणू लागली. मग फळ्यावर हिशेब मांडला. फुलाला ३०० अंतर पडायचे आहे. वेग १० असेल तर ३० टप्पे. स्क्रॅच सेकंदाला ३० टप्पे चालवते, म्हणजे फूल एका सेकंदात खाली. टोपलीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उणे २२० पासून २२० पर्यंत, ४४० अंतर जायचे तर ४४ टप्पे, म्हणजे सुमारे दीड सेकंद. कितीही चपळ मूल असले तरी दूरचे फूल हाती लागणे शक्यच नव्हते. वेग ५ केला तर फुलाला दोन सेकंद लागतात आणि प्रत्येक फूल झेलता येते. वेग २ केला तर पाच सेकंद, आणि मुले जांभया देऊ लागतात.

खेळ अवघड असणे वेगळे आणि अन्यायाचा असणे वेगळे. हा फरक त्या दिवशी तिने भागाकार करून शोधला. वहीत तिने लिहिले, "फूल टोपलीपेक्षा आधी पोचता कामा नये."

५. चूक शोधणे

या वर्गात सर्वाधिक वेळ चुका शोधण्यात जातो, आणि तोच खरा अभ्यास आहे. दोन चुका जवळजवळ प्रत्येक मुलाकडून होतात.

एक : एक फूल झेलले आणि गुण मात्र पंधरा वाढले. कारण फूल टोपलीला टेकलेले असेपर्यंत संगणक प्रत्येक टप्प्याला पुन्हा गुण देत राहतो. उपाय : गुण दिल्याबरोबर फूल परत वर पाठवावे.

दोन : खेळ पुन्हा सुरू केला तरी जुने गुण तसेच. कारण सुरुवातीला गुण शून्य करा, असे संगणकाला कोणी सांगितलेलेच नसते. संगणक अंदाज बांधत नाही. सांगितले तेवढेच करतो.

शिकवणाऱ्याने इथे माउस हातात घेऊ नये. "तुला काय व्हावे असे वाटत होते? आणि काय झाले?" एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर देता देता मुलाला चूक बहुधा दिसते. तिचा उलटा चालणारा वाघही शेवटी तिनेच सरळ केला.

६. दुसऱ्याच्या हाती देणे

गेम तयार झाला की तो दुसऱ्याला खेळायला द्यावा आणि बनवणाऱ्याने गप्प बसून पाहावे. समजावून सांगायचे नाही. खेळणारा जिथे अडतो, तिथे खेळात सुधारणा हवी. चौथीतला एक मुलगा बाण सोडून माउसनेच टोपली ओढू लागला, तेव्हा पडद्यावर बाणांची चित्रे आली.

सर्वांत मोलाची सूचना मात्र वर्गाबाहेरून आली. सुट्टीच्या आधी आम्ही लॅपटॉप घेऊन पाड्यावर गेलो. तिच्या आजीने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "फूल असं सरळ पडतं का गं? वारा येतो तेव्हा ते लांब जातं. आणि दिवसभर कुठं पडतंय? पहाटेला पडतं." नात तिथेच बसली. पार्श्वभूमी पहाटेची केली आणि फुलाला आडवा झोका देणारा एक ठोकळा जोडला. खेळ एकदम जिवंत झाला. आजीला स्क्रॅच ठाऊक नव्हते, पण मोह ठाऊक होता.

अशीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर अलास्कात घडली आहे. तिथल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या आदिवासी संस्थेच्या पुढाकाराने २०१४ साली 'नेव्हर अलोन' हा गेम निघाला. इनुपियाट लोकांची एक जुनी कथा, नुना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा असा त्याचा विषय. समाजातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन तो बनवला गेला आणि त्यातले कथन त्यांच्याच भाषेत आहे. आपली गोष्ट दुसऱ्याने सांगण्याची वाट न पाहता ती आपणच सांगता येते, हे आपल्या मुलांनाही कळायला हवे.

मुलीने शिवणाचा वर्गही सुरू केला आहे. बुधवारी ती तिकडे असते आणि शनिवारी इकडे. आता तिला नदी करायची आहे. फक्त नदी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मूल रोज खेळते त्या गेमचे वरील चार प्रश्न त्याला विचारा. तो काय उत्तरे देतो?
२. 'अवघड' आणि 'अन्यायाचे' यांतला फरक आपल्या मुलांच्या शाळेत, परीक्षेत कुठे दिसतो?
३. मुलाने केलेली वस्तू पाहताना आपण आधी दोष सांगतो की आधी वापरून पाहतो?
४. आपल्या गावातले कोणते काम किंवा कोणता खेळ एका पानात मांडता येईल? विटी-दांडू, लगोरी, भातलावणी? मुलांसोबत बसून लिहून पाहा.