सकाळचा पेला : चहा-कॉफीऐवजी काय?
(इयत्ता ४ थी व ५ वीसाठी परिसर अभ्यासाचा पाठ व शिक्षकांकरिता विवेचन)

प्रास्ताविक. धाराशिव जिल्ह्यातील पुष्कळ घरांत दिवसाचा आरंभ चहाने होतो. घरचे दूध डेअरीस जाते आणि मुलाच्या वाट्यास गुळाचा वा साखरेचा कोरा चहा येतो. त्यात शिळी भाकरी बुडवून ते शाळेत येते. कॉफी एरवी पाहुण्यांपुरती वा लग्नकार्यापुरती असे. आता लहान पुड्यांतून तीही खेडोपाडी पोहोचली आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील परमुलखी गेले म्हणजे आजीजवळ राहिलेल्या मुलाची न्याहारी बहुधा एवढीच असते. चहाने भूक मरते, भागत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. म्हणून हा पाठ शिकविताना कोणाही मुलास वा त्याच्या घरास उणेपणा येईल असा शब्द शिक्षकाने उच्चारू नये.

उद्देश. (१) चहा-कॉफीचा शरीरातील लोहाशी असलेला संबंध विद्यार्थ्यांस समजावा. (२) परिसरातील वनस्पतींपासून होणारी पेये त्यांनी ओळखावी व करून पाहावी. (३) कोणते पेय केव्हा घ्यावे, याचा विवेक त्यांच्या ठायी उत्पन्न व्हावा.

विषयविवेचन. चहाची सवय आपल्याकडे फार जुनी नाही. १९०३ साली सरकारने कायदा करून निर्यातीच्या चहावर उपकर बसविला व त्या पैशातून चहाचा प्रसार चालविला. पुढील काही दशकांत जाहिराती व फुकट वाटप यांमुळे चहा देशभर घरोघर गेला. जी सवय लावली गेली, ती विचाराने बदलताही येते, हे मुलांस यावरून सांगावे.

चहा व कॉफी या दोहोंत कॅफीन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिलेले प्रमाण असे : १५० मिलिलिटरच्या पेल्यात उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास ही पेये टाळावीत, असेही त्यात सांगितले आहे.

त्याचे कारण टॅनिन व त्याच्या जातीची इतर द्रव्ये हे होय. ती अन्नातील लोहास धरून ठेवतात व ते रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी घेतली असता लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहा घेतला असता ६४ टक्क्यांनी घटलेले आढळले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांत रक्तक्षय दिसून आला. त्याची कारणे अनेक आहेत. चहा हे त्यांतील एक, पण आपल्या हातचे आहे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी, ५ ते ९ वयोगटास गुलाबी व १० वर्षांपुढील मुलांस निळी, चहाबरोबर घेतली तर तिचा बराच भाग वाया जातो.

प्रयोग. साहित्य : चार काचेचे पेले, कोरा चहा, गवती चहाचा काढा, पुदिन्याचा काढा, साधे पाणी, चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट; कृषी सेवा केंद्रात मिळते). हिराकस अर्धा पेला पाण्यात विरघळवून त्याचे सारखे थेंब प्रत्येक पेल्यात टाकावे. चहा काळाभोर होईल. पूर्वी हिरडा व हिराकस यांपासून शाई करीत, तीच ही क्रिया. इतर पेल्यांत काय दिसले ते मुलांनी स्वतः पाहून वहीत लिहावे. हिराकस शिक्षकानेच हाताळावे. पेल्यांतील द्रव कोणी चाखू नये व प्रयोगानंतर तो ओतून द्यावा. प्रयोगाचे पेले पुन्हा पिण्यास वापरू नयेत.

पर्याय. गवती चहा हे एक गवत आहे. खऱ्या चहाच्या झुडपाशी त्याचे नाते नाही व त्यात कॅफीन नसते. चार पेले पाण्यास चारपाच पाती व आल्याचा लहान तुकडा घालून पाच मिनिटे उकळावे. भांडे उतरल्यावर, पेय कोमट झाले म्हणजे लिंबू पिळावे. उकळत्यात पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्व घटते आणि लोह शोषून घेण्यास तेच साहाय्य करते.

शहरात ‘फळांचा चहा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक महागड्या पुड्यांचा लाल रंग व आंबटपणा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. इजिप्त व सुदान या देशांत याच बोंडांचे पेय ‘करकदे’ या नावाने पाहुण्यांस देतात. आपल्याकडे अंबाडीची भाजी होते आणि बोंडे पुष्कळदा बांधावरच वाळून जातात. ती तोडून, बी काढून, सावलीत वाळवावी. चार पेले गरम पाण्यास दहाबारा बोंडे दहा मिनिटे भिजवली की पेय तयार होते. गोडी बेताचीच ठेवावी, अन्यथा एक सवय सोडून साखरेची दुसरी लागेल.

सावधगिरी. ‘वनस्पतीचे, म्हणून निर्दोष’ असे मात्र शिकवू नये. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुदिन्याच्या काढ्यानेही पावाबरोबरच्या लोहाचे शोषण ८४ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ चहाइतकेच घटले होते. यास्तव कोणताही काढा जेवणापासून व लोहाच्या गोळीपासून एक तास दूर ठेवावा. जेवणाबरोबर लिंबू, पेरू वा आवळा असावा. गर्भवती स्त्रियांनी व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी अंबाडीचे पेय वा इतर काढे नित्य घेण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. मोठ्या माणसांनी चहा-कॉफी एकदम सोडल्यास काही दिवस डोके दुखते. म्हणून दर आठवड्यास एक पेला कमी करावा.

गृहपाठ. (१) घरी कोण, किती वेळा व जेवणाच्या किती आधी वा नंतर चहा घेतो, याची तीन दिवसांची नोंद करावी. (२) गावात गवती चहा, तुळस, लिंबू व अंबाडी कोठे आहेत याचा नकाशा काढावा.

शिक्षकांस सूचना. शाळेच्या आवारात हातपंपाच्या सांडपाण्यावर गवती चहाचे एक बेट लावावे. त्यास निराळे पाणी लागत नाही. गोळीचा वार ठरवून त्या दिवशी मध्यान्ह भोजनानंतर तासभर शाळेत चहा होणार नाही, असा नियम गुरुजनांनी प्रथम स्वतः पाळावा. आणि ज्या मुलाच्या पोटात सकाळी चहाखेरीज काही गेलेले नाही, त्यास पेय बदलण्याचा उपदेश करण्यापूर्वी भोजनाचे पहिले ताट मिळेल अशी व्यवस्था करावी.