कलम २९५-अ आणि ब्रह्मजाल सुत्त

नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचे प्रकरण सुरू झाले की विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतात. आपल्या देशात धर्माची निंदा करणे हा गुन्हा आहे काय, हा पहिला. दुसरा काहीसा दबक्या आवाजात येतो: या गोष्टीचा मुसलमानांनाच इतका राग का येतो? कल्याण, मुंब्रा, भिवंडीच्या परिसरात वाढणारी मुले हा दुसरा प्रश्न बहुधा घरून घेऊन येतात. म्हणूनच स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तो पालकांसमोर आणि माजी विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ‘ईशनिंदा’ या नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. मात्र भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९९ या क्रमांकाने आले आहे. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने त्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, असा त्याचा आशय. ‘बुद्धिपुरस्सर’ आणि ‘दुष्ट हेतू’ हे शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावेत. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले ते याच शब्दांच्या आधाराने. अनवधानाने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमाखाली येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. अडचण एवढीच, की हेतूचा निवाडा न्यायालयात होतो आणि अटक त्याच्या कितीतरी आधी होते.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच घडले. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिस येथे ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला होऊन १२ जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांनी ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ बातमीसोबत छापले गेले. त्यावर पैगंबरांचे व्यंगचित्र होते. संपादक शिरीन दळवी यांनी लगेच जाहीर माफी मागितली. तरीही निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी दाखल झाल्या, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली आणि पुढे जामीन मिळाला. दैनिकाची मुंबई आवृत्ती बंद पडली, तेथील कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि दळवी यांना मुंब्र्यातील आपले घर सोडून राहावे लागले.

या घटनेकडे बाहेरून पाहणाऱ्याला ‘मुसलमानांचा राग’ दिसला. परंतु तक्रार करणारे मुसलमान होते, तशीच जिच्यावर तक्रार झाली ती बाईही मुसलमान होती आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांतही मुसलमान होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील असंख्य मुस्लिम कुटुंबे जिवाच्या भयाने मुंब्र्यात येऊन राहिली आणि गाव वाढत गेले. तेथे शिक्षक आहेत, रिक्षाचालक आहेत, कारकून आहेत, नमाजी आहेत आणि नमाज न पढणारेही आहेत. लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतींवरून त्या सर्वांचे एकच मत ठरवून टाकणे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. आपल्या वस्त्यांविषयीही लोक असेच बोलत आले आहेत.

शिवाय हे कलम केवळ एका धर्माच्या रागाचे हत्यार आहे, असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर मत व्यक्त करणाऱ्या आणि त्याला पसंती देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. त्या मजकुरात कोणत्याही देवाधर्माचा उल्लेख नव्हता. तरी पोलिसांनी प्रथम लावले ते २९५-अ हेच कलम. पुढे ते बदलण्यात आले. त्यासोबत लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दच केले.

हे कलम आले कोठून? लाहोर येथे १९२४ साली पैगंबरांच्या खासगी जीवनावर एक कुत्सित पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला झाला. परंतु उपलब्ध कायद्यात हा गुन्हा बसत नाही म्हणून १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्यावर मोठा क्षोभ झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने दंड संहितेत २९५-अ घातले. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना या कायद्याचा उपद्रव होऊ नये, असा इशारा मध्यवर्ती कायदेमंडळात बॅरिस्टर जिना यांनी दिला होता, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही. कायदा झाला तरी १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झालाच.

१९२७ हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षाच्या २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. एका समाजाने पवित्र मानलेला ग्रंथ जाहीरपणे जाळणे, यापेक्षा ‘भावना दुखावणारे’ कृत्य कोणते? कलम नुकतेच अस्तित्वात आले होते. मनुस्मृतिदहन हे अपमानासाठी केलेले कृत्य नसून न्यायासाठी केलेली चिकित्सा होती, हे आपण जाणतो. पण हा भेद ठरविण्याचा अधिकार ज्याच्या भावना दुखावल्या त्याच्याच हाती दिला असता, तर महाडचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

फाळणीनंतर तीच दंड संहिता पाकिस्तानकडे गेली. जनरल झिया यांच्या राजवटीत तिला आणखी कलमे जोडली गेली. १९८६ मध्ये आलेल्या २९५-क ने पैगंबरांच्या अवमानाला देहदंडापर्यंत शिक्षा ठेवली. आसिया बीबी ही पंजाबातील ख्रिस्ती शेतमजूर स्त्री. २००९ मध्ये शेतात काम करताना तिने हात लावलेल्या भांड्यातले पाणी पिण्यास सोबतच्या स्त्रियांनी नकार दिला आणि तेथून भांडण पेटले. त्या भांडणातून ईशनिंदेचा आरोप निघाला, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटका व्हायला ३१ ऑक्टोबर २०१८ उजाडले. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर हे स्वतः मुसलमान. त्यांना त्यांच्याच अंगरक्षकाने २०११ मध्ये ठार केले. पंजाबातील बहुसंख्य ख्रिस्ती हे एकेकाळच्या अस्पृश्य जातींतून धर्मांतरित झालेले आहेत, ही माहिती जोडली म्हणजे त्या पाण्याच्या भांड्याचा अर्थ चवदार तळ्याच्या वारसांना वेगळा सांगावा लागत नाही.

येथे एखादा उपासक म्हणेल, की आपल्या धम्मात असे घडत नाही. म्यानमारकडे पाहावे. १९२७ मध्ये तो देशही ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, म्हणून २९५-अ तेथेही आहे. बुद्धाच्या कानांवर हेडफोन दाखविणारे चित्र जाहिरातीत वापरल्याबद्दल यांगून येथील एका मद्यालयाच्या तिघांना मार्च २०१५ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी टिन लिन ऊ या लेखकाला दोन वर्षे सक्तमजुरी मिळाली. बौद्ध धम्माचा उपयोग वांशिक द्वेषासाठी करू नये, असे तो भाषणात म्हणाला होता. याला धम्माचा अपमान ठरविण्यात आले! मुंब्रा, लाहोर आणि यांगून येथे धर्म निराळे, पण कलम तेच आणि त्याखाली सापडणारी माणसे पुष्कळदा त्याच एका प्रकारची: दुबळी, किंवा आपल्याच समाजाला चार शब्द सुनावणारी.

बाबासाहेबांनी ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या ग्रंथात राजपाल यांच्या खुनाची नोंद केली असून प्रमुख मुस्लिम पुढाऱ्यांनी अशा खुनांचा निषेध केला नाही, याबद्दल कठोर शब्द वापरले आहेत. तो उतारा हल्ली वारंवार दाखविला जातो. तो खरा आहे आणि लपविण्याचे कारण नाही. मात्र त्याच ग्रंथात हिंदू राज आले तर ती या देशावरील सर्वांत मोठी आपत्ती ठरेल, असेही ते लिहितात. उतारे दाखविणाऱ्यांची बोटे त्या पानापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. आणि १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले, तेव्हा राम-कृष्णांवरील परिशिष्ट भावना दुखावते म्हणून वगळा, अशी मागणी झाली. १९८८ च्या आरंभी मुंबईत निघालेला आपल्या लोकांचा विराट मोर्चा आमच्या पिढीला आठवतो. त्या वेळी आपण चिकित्सेच्या बाजूला उभे होतो.

दुखावणे म्हणजे काय, हेही आपण जाणतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. तो दिवस ज्याच्या मनात आहे, त्याला पैगंबरांच्या चित्राने व्यथित झालेला शेजारी हास्यास्पद वाटू नये. पुतळ्याची विटंबना करून एका समाजाला पायरी दाखविणे आणि एखाद्या श्रद्धेला प्रश्न विचारणे या निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकाराला कायद्याने रोखावे, असेच आमचे मत आहे. दुसऱ्याला रोखू लागलो तर रिडल्सचे रक्षण कोणत्या तोंडाने करणार?

आणि जेथे निव्वळ निंदाच आहे, तेथे काय करावे? दीघनिकायाचे पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, याच प्रश्नाने उघडते. तथागत भिक्खुसंघासह राजगृहाहून नालंदेकडे निघाले होते. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत येत होता. त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त मात्र तितक्याच आवेशाने स्तुती करीत होता. भिक्खूंनी हा विषय काढला तेव्हा तथागतांनी सांगितले, की निंदेने रागावलात तर निंदक बोलतो ते खरे की खोटे, हे तुम्हाला कळणारच नाही. खोटे असेल ते खोटे म्हणून कारणासह दाखवून द्यावे. स्तुतीनेही हुरळून जाऊ नये.

त्या सुत्तातील एका तपशिलाकडे आमचे विद्यार्थी नेहमी लक्ष वेधतात. वाटेत अंबलठ्ठिका येथील राजाच्या विश्रामगृहात संघ रात्रीपुरता थांबला. सुप्पियही शिष्यासह तेथेच उतरला आणि तेथेही त्याची निंदा चालूच होती. त्याला तेथून हाकलून द्यावे, असे संपूर्ण सुत्तात कोणीही म्हणत नाही.