भारत-चीन भाजीपाला : तुलना कशी करावी?

प्रश्न : भारत व चीन यांच्या भाजीपाला-उत्पादनाचे जुने-नवे आकडे एकाच तक्त्यात मांडता येतील काय?

उत्तर : येतील, परंतु आपल्या सरकारी दप्तरात बटाटा भाजीपाल्यात जमा होतो, आणि जागतिक अन्न व कृषी संघटना तो कंदवर्गात धरते, हे प्रथम ध्यानी घ्यावे, एरवी सुमारे पाच कोटी टनांची तफावत केवळ वर्गीकरणातून उद्भवते. आपले उत्पादन १९९१-९२ मधील ५.८५ कोटी टनांवरून तीस वर्षांत वीस कोटींवर गेले, ही वाढ खरोखर अभिमानास्पद आहे. चीनने मात्र १९८८ साली शहरांच्या पुरवठ्यासाठी ‘भाजीची टोपली’ योजना आखली, आणि पुढच्याच वर्षी तेथील शौग्वांग भागातील शेतकऱ्यांनी, उत्तरेस मातीची जाड भिंत व दक्षिणेस प्लास्टिकचे आच्छादन ठेवून, कोळसा न जाळता ऐन हिवाळ्यात काकडी पिकविली. माझ्या मते चीनच्या भाजीपाला-उत्पादनातील खरी कलाटणी तीच. वर्गीकरणातील फरकामुळे तक्त्यात बटाट्याचा रकाना मात्र स्वतंत्र ठेवावा.