रायफलीवरचे शिक्के आणि माझी एक चूक
(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या तासाला साधनांचे ‘बहिरंग परीक्षण’ आणि ‘अंतरंग परीक्षण’ हे शब्द आम्ही वहीत उतरवून घेतले, तेव्हा ते परीक्षेत चार गुण मिळवून देणारे शब्द आहेत एवढेच मला वाटले होते. त्यांचा अर्थ मला एन.सी.सी.च्या कवायतीच्या मैदानावर कळला, आणि तोही स्वतः चूक केल्यावर कळला.

त्याचे असे झाले. कवायतीसाठी माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीवर, दस्ता आणि यंत्रणा यांना जोडणाऱ्या लोखंडी मानेच्या उजव्या अंगाला, एक मुकुट आणि त्याखाली १९१७ हे साल होते. आमच्या गावच्या चावडीत एक दगडी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढेच तिच्यावर लिहिलेले आहे. अशा पाट्या सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत आढळतात. पाटी आणि रायफल या दोन गोष्टी माझ्या मनात एकदम जुळल्या. ही रायफल मेसोपोटेमियात लढली असली पाहिजे, कदाचित आमच्याच गावच्या एखाद्या शिपायाच्या खांद्यावर ती असेल, असे मी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात लिहून मोकळी झाले. लेखाचे कौतुक झाले. तो लेख चुकीचा का होता, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

प्रथम रायफलीची ओळख. जेम्स पॅरिस ली या जन्माने स्कॉटिश असलेल्या संशोधकाची बोल्ट आणि मॅगझिनची रचना आणि इंग्लंडमधील एन्फिल्ड कारखान्याने ठरवलेले नळीतील आटे, यांवरून तिला ‘ली-एन्फिल्ड’ हे नाव १८९५ साली मिळाले. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून थ्री नॉट थ्री. पुढे घोडदळ व पायदळ दोघांनाही चालेल अशी आखूड रायफल आली. तिचा ‘मार्क तीन’ हा नमुना १९०७ साली मंजूर झाला. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, वजन चार किलोच्या आसपास. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून लांब पल्ल्याच्या जादा माशा आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी काढून टाकण्यात आली. या सुटसुटीत नमुन्याला ‘मार्क तीन तारांकित’ म्हणतात. बंगालमधील इशापूर रायफल कारखान्यात ही रायफल आपल्या देशातही तयार होऊ लागली. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर चार’ हा नवा नमुना घेतला, पण इशापूरने जुनाच नमुना चालू ठेवला. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती मुख्यतः हीच रायफल होती. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील पोलिसांकडेही थ्री नॉट थ्री होत्या.

इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत अशा जुन्या लष्करी रायफली त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे जमवणारे हजारो संग्राहक आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ०.३०३ ही निषिद्ध बोअर असल्याने सामान्य नागरिकाला ती बाळगता येत नाही. तेव्हा हा छंद आपल्याला करता येण्यासारखा नाही. परंतु त्या संग्राहकांची परीक्षणाची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याने शिकून घ्यावी अशी आहे.

जुने मराठी पत्र हाती आले की अभ्यासक प्रथम कागद, शाई, वळण, वरचा शिक्का आणि शेवटची मोर्तब पाहतो. मोर्तबेनंतर मजकूर आढळला, तर तो मागाहून कोणी घातला, हे उघड होते. रायफलीचेही तसेच आहे. पहिला शिक्का मानेवरचा. मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना, असा त्याचा क्रम असतो. ‘एन्फिल्ड’ म्हणजे सरकारी कारखाना, ‘बी.एस.ए. कंपनी’ म्हणजे बर्मिंगहॅम, ‘एल.एस.ए. कंपनी’ म्हणजे लंडन, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलिया. ‘जी.आर.’च्या पुढे ‘आय’ हे अक्षर असेल, तर राजाचा सम्राट म्हणून उल्लेख केलेला आहे. इशापूरच्या रायफलींवर हे दिसते. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले आणि ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे आली. एक राज्य जाऊन दुसरे आले, हे इतक्या थोड्या जागेत सांगणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही.

मी एवढे वाचून थांबले होते. माझी चूक झाली ती इथेच. मानेवरचे साल हे फक्त त्या लोखंडी सांगाड्याचे साल असते. नळीचे साल वेगळे, ते नळीच्या बुडाशी डाव्या अंगाला बारीक आकड्यांत असते. रायफलीचा क्रमांक तर अनेक ठिकाणी मारलेला असतो. सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मागे, मागच्या माशीच्या पट्टीखाली, तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीवर आणि पुढच्या लाकडावर तो पाहावा लागतो. हे सर्व क्रमांक जुळले तर रायफल बहुतांशी एकसंध आहे असे मानतात, आणि संग्राहक तिला अधिक किंमत देतात.

जास्त किंमत आली की लबाडीही येते. जुना आकडा घासून नवा मारणे काही अवघड नाही. म्हणून नुसते आकडे जुळणे पुरेसे नसते. आकड्यांचे वळण त्या कारखान्याचे आहे का, कडा झिजलेल्या आहेत की कोऱ्या, भोवतालचा पृष्ठभाग इतर भागापेक्षा खोल गेला आहे का, हे पाहावे लागते. शिवाय जुळणारा प्रत्येक आकडा लबाडीचाच असतो असेही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत मोसिन-नागाँ रायफली मोठ्या संख्येने दुरुस्त झाल्या. तेथे दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवून त्यावरचा जुना क्रमांक खोडला जाई आणि नवा घातला जाई. ती सरकारी कारागिराची रीतसर दुरुस्ती होती. आकडा जुळतो, पण जन्म एका जागचा नाही.

काही वेळा पुसलेली खूणच अधिक बोलते. जपानी अरिसाका रायफलीवर सम्राटाच्या घराण्याचे सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल कोरलेले असे. १९४५ साली जपानने शरणागती पत्करल्यावर खाली ठेवलेल्या असंख्य रायफलींवरचे ते फूल घासून टाकण्यात आले. म्हणून फूल शाबूत असलेली रायफल बहुधा त्यापूर्वीच रणांगणावर शत्रूच्या हाती पडली असावी, असा तर्क करतात. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे, हे चांगले संग्राहक विसरत नाहीत.

ली-एन्फिल्डवर आणखी काही खुणा वाचाव्या लागतात. बाणाचे टोक ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली असतील, तर रायफल सरकारने विकून टाकली आहे. नळीवर ‘२.२२२’ आणि ‘१८.५ टन’ असे आकडे असतील, तर ती खाजगी विक्रीपूर्वी इंग्लंडमधील चाचणीघरात दाब देऊन तपासली गेली आहे. पहिला आकडा काडतुसाच्या कोशाची इंचांतील लांबी आणि दुसरा दर चौरस इंचावरील दाब सांगतो. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर रायफल हातबाँब फेकण्यासाठी वापरली जात होती. लाकडातून आडवा जाणारा मजबुतीचा स्क्रू दिसला, तर ते लाकूड भारतीय दुरुस्तीचे किंवा बनावटीचे आहे.

हे झाले बहिरंग. अंतरंग परीक्षण यंत्रणेचे, आणि तेथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. पहिला नियम असा की रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहिल्याशिवाय पुढचे काही करायचे नाही. नंतर नळीतून उजेडाकडे पाहावे. आटे स्वच्छ व धारदार आहेत की काळे, खड्डे पडलेले, ते कळते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरत, ते हवेतील दमट ओढून घेत आणि लोखंडाला गंज चढे. म्हणून शिपाई नळीतून उकळते पाणी ओतीत असत. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही अशी काडतुसे तयार होत, त्यांच्या बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरे आढळतात.

यानंतर सर्वांत महत्त्वाची तपासणी. ०.३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. बोल्ट बंद झाल्यावर त्या कडेसाठी किती जागा उरते, हे पोलादी मापाने पाहतात. ०.०६४ इंचाच्या मापावर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या मापावर बंद होता कामा नये. जागा जास्त असेल तर बार उडताना काडतुसाचा कोश फाटून तप्त वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. प्रत्येक बोल्ट कारखान्यात त्या त्या सांगाड्याशी जुळवून बसवलेला असे. त्यामुळे बोल्टवरचा क्रमांक न जुळणे ही किमतीपुरती गोष्ट नसून धोक्याची सूचना असते.

आता माझ्या रायफलीकडे वळते. भित्तिपत्रकातील लेखानंतर आमच्या उस्तादांनी मला बोलावले. ते रागावले नाहीत. त्यांनी रायफल टेबलावर ठेवली आणि “आता पूर्ण वाच,” एवढेच म्हणाले. त्यांच्या देखरेखीखाली मी वाचत गेले. मान बर्मिंगहॅमची, १९१७ ची. नळीवर ४४ हा आकडा, म्हणजे १९४४. बोल्टवर भलत्याच रायफलीचा क्रमांक. लाकडात भारतीय स्क्रू. आणि मानेवर, मी कवायतीत रोज पाहूनही न पाहिलेली ‘डी.पी.’ ही दोन अक्षरे. ‘ड्रिल पर्पज’, म्हणजे केवळ कवायतीसाठी. झिजलेले, नाकारलेले भाग एकत्र करून ही रायफल उभी केलेली होती. तिच्यात काडतूस घालणे म्हणजे स्वतःला इजा करून घेणे.

मग १९१७ ची मान तरी मेसोपोटेमियात गेली असेल का? रायफल पाहून हे सांगता येत नाही. शिपाई आणि त्याची रायफल यांची जोडी कायम नसते. १९१४ साली भारतीय सैन्य फ्रान्समध्ये मार्सेल्स बंदरात उतरले, तेव्हा नव्या टोकदार गोळीची काडतुसे वापरता यावीत म्हणून आपल्या शिपायांना तेथे दुसऱ्या रायफली देण्यात आल्या. म्हणजे घरून नेलेली रायफल घेऊन ते लढलेच नाहीत. १९१६ साली कुत-अल्-अमारा येथे शरण गेलेल्या सहाव्या, पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, हे खरे. पण त्या वर्षी माझ्या रायफलीची मान अजून घडायचीच होती! एवढे साधे गणितही मी लेख लिहिताना केले नव्हते.

पुढच्या भित्तिपत्रकात मी दुरुस्ती लिहिली. तिचे कौतुक कोणी केले नाही, परंतु तो लेख मला पहिल्यापेक्षा जवळचा वाटतो. एक गोष्ट मात्र अजून मनात सलते. या मोडक्यातोडक्या रायफलीच्या प्रत्येक भागावर क्रमांक आहे, साल आहे, तपासनिसाची खूण आहे. आमच्या चावडीतल्या पाटीवर माणसांचा नुसता आकडा आहे. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावरही बहुसंख्य भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. अशा असमान वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली जाहीर माफी मागितली. मला हवी असलेली नावे रायफलीवर सापडणार नव्हती. ती गावातल्या घराघरांत, आजीच्या आठवणींत, जुन्या पेन्शनच्या कागदांत शोधली पाहिजेत. या सुट्टीत ते काम सुरू करणार आहे. यावेळी मात्र सर्व खुणा वाचल्याशिवाय काही लिहिणार नाही.