पांडवलेणी पांडवांनी खोदली का?

प्रश्न : नाशिकच्या पांडवलेणीत वनवासातले पांडव राहिले होते, असं आजी सांगायची. पुस्तकांत मात्र ती बौद्ध लेणी आहेत असं लिहिलेलं असतं. खरं काय, आणि ते कशावरून ठरलं?

उत्तर : लेणी पांडवांची नाहीत. हे ठामपणे सांगता येतं, कारण दान देणाऱ्यांनी आपली नावं तिथल्याच भिंतींवर कोरून ठेवली आहेत. त्रिरश्मी डोंगरातली ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली. त्यांतले लेख ब्राह्मी लिपीत आणि बहुतेक प्राकृत भाषेत आहेत.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायम ठेव नोंदवली आहे. ठेव नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे होती. पैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ मिळायचे. हिशोब चोख जुळतो!

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. लेण्यांतल्या लेखांना जमिनीतून मिळालेली ही साक्षच.

मग पांडवांचं नाव कसं पडलं? काळाच्या ओघात ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडेपर्यंत हे लेख मुकेच होते. एवढा कातळ कोरणारे हात सामान्य माणसाचे असतील, हे लोकांना पटेना. मग ते श्रेय महाभारतातल्या वीरांकडे गेलं. पल्लवांनी कोरवलेल्या महाबलीपुरमच्या रथांनाही अशीच धर्मराज, भीम, अर्जुन आणि द्रौपदी यांची नावं मिळाली.

तरीही पांडव या लेण्यांना अगदीच परके नाहीत. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने तिसरं लेणं दान दिलं, तेव्हा तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. त्या लेखात मुलाच्या पराक्रमाची तुलना राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी केली आहे. म्हणजे या वीरांच्या कथा तेव्हाही इथे सर्वांच्या परिचयाच्या होत्या.

म्हणून आजीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. तिच्या जोडीला बलश्री, उषवदात आणि गोवर्धनच्या विणकरांचीही सांगा. ही लेणी ज्यांच्या दानातून आणि कष्टातून उभी राहिली, त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा.