वाचकांचे प्रश्न : घरी बंद पडतो, सर्व्हिस सेंटरमध्ये चालतो

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून जळगावात राहतो. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत त्याच्यासाठी एका कंपनीच्या संकेतस्थळावरून तयार गेमिंग संगणक मागवला. किंमत १ लाख १८ हजार रुपये, क्रेडिट कार्डावर १२ हप्ते. पहिला महिना ठीक गेला. नंतर गेम सुरू करून अर्धा-पाऊण तास झाला की अचानक स्क्रीन काळी होते, पंखे जोरात फिरू लागतात, आवाज थोडा वेळ चालू राहतो आणि मग सगळे थांबते. कधी दिवसातून दोनदा, कधी आठ-आठ दिवस काहीच नाही. कंपनीने दोन वेळा संगणक पुण्याला नेला आणि ‘नो फॉल्ट फाउंड’ असे लिहून परत पाठवला. आता फोनवर सांगतात की तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी एक वर्षाची, त्यातले चारच महिने उरले आहेत. मुलगा सुट्टीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करून थोडे पैसे कमावतो, त्यामुळे आपण ग्राहक ठरतच नाही असेही कोणी म्हणाले. आम्ही काय करावे? हप्ते थांबवावेत का?

उत्तर : आधी हप्त्यांचे. थांबवू नका. बँकेने कंपनीला पैसे केव्हाच दिले आहेत. तुमचे देणे बँकेचे आहे आणि भांडण कंपनीशी आहे. हप्ता चुकला तर दंड आणि व्याज तुम्हालाच भरावे लागेल, सिबिलवर डाग पडेल आणि कंपनीला काहीही फरक पडणार नाही. व्याज आणि त्यावरचा जीएसटी दाखवणारी कार्डाची स्टेटमेंट मात्र जपून ठेवा, नुकसानभरपाई मागताना ती लागतील.

आता मूळ दुखणे. बिघाड कायमचा असता तर दोन दिवसांत निकाल लागला असता. येणारा-जाणारा बिघाड ग्राहकाला दमवतो, कारण पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत टेबलावर वीस मिनिटे चालवून पाहिलेले यंत्र चांगलेच वागते. तुमच्या घरी तेच यंत्र वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पूर्ण भार घेऊन तासभर चालते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, हे कंपनीला कळवल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ‘बिघाड आहे’ एवढे सांगून भागत नाही. तो कधी येतो, कुठल्या भाराला, खोलीत किती तापमान असताना, हे तुम्हालाच नोंदवून द्यावे लागेल. ग्राहक आयोगापुढे अशी प्रकरणे या नोंदींवरच उभी राहतात किंवा पडतात.

मुलाला सांगा, आजपासून एक वही करायची. तारीख, वेळ, कोणता गेम किंवा कोणते एडिटिंग चालू होते, खोलीतले तापमान, स्क्रीन काळी झाल्यावर पंखे चालू राहिले की यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. हा शेवटचा फरक महत्त्वाचा आहे. पंखे पूर्ण वेगाने फिरत राहून चित्र गेले तर संशय बहुधा ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याला वीज नेणाऱ्या वायरवर जातो. यंत्रच धाडकन बंद होऊन परत सुरू होत असेल तर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, तपासायला हवा. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. तिथे ‘डिस्प्ले’ ४१०१ ही नोंद दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि मग सावरला असा अर्थ. ‘कर्नल-पॉवर’ ४१ दिसली तर यंत्र नीट बंद न होता थांबले एवढेच कळते, कारण कळत नाही. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये हेच तारखेनुसार दिसते. त्याचे फोटो काढा. दुसऱ्या मोबाइलने बिघाडाचा सलग व्हिडिओ करा आणि चौकटीत भिंतीवरचे घड्याळ व एखादा तापमापक येऊ द्या.

झाकण न उघडता होणाऱ्या चाचण्याही करून टाका, म्हणजे कंपनी त्याच सुचवून महिना घालवणार नाही. मॉनिटरची केबल बदला, शक्य असेल तर मॉनिटर बदला, ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका, ओव्हरक्लॉकिंग केले असेल तर मूळ सेटिंगवर आणा. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल तर मॉनिटर काही दिवस मदरबोर्डच्या पोर्टला जोडून चालवा. तेवढ्या काळात एकदाही बंद पडला नाही तर कार्ड किंवा त्याची वीजजोडणी यांच्यावरचा संशय बळावतो. अर्थात त्या पोर्टवर भार कमी पडतो, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही.

झाकण मात्र परवानगीशिवाय उघडू नका. कंपनीला ई-मेल करा : कार्ड खाचेत नीट बसले आहे का आणि त्याचा पॉवर प्लग पूर्ण आत गेला आहे का, हे आम्ही पाहावे की तुमचा माणूस येणार? लेखी ‘पाहा’ आले तरच पाहा. हा प्रश्न क्षुल्लक नाही. कार्डाला खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, बाकीची वीज त्या प्लगातून येते. कुरिअरच्या हिसक्यांनी जड कार्ड खाचेत कणभर तिरके होते, प्लग अर्धा मिलिमीटर मागे सरकतो. हलक्या कामाला काही जाणवत नाही, गेमने ओढ वाढवली की चित्र जाते. २०२२ च्या अखेरीस एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे नवे प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभर आल्या, तेव्हा कंपनीने तपासाअंती प्लग पूर्ण न बसणे हेच मुख्य कारण सांगितले होते. तुमचे कार्ड त्या जातीचे नसेलही, पण तयार संगणकात प्लग नीट बसवणे ही जुळणी करणाऱ्याची जबाबदारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादकाच्या व्याख्येत दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा आणि त्यावर आपला छाप मारणाराही येतो. ‘कार्ड आमचे नाही, त्या कंपनीला विचारा’ हे उत्तर तुम्हाला विकणाऱ्या कंपनीच्या तोंडी शोभत नाही आणि कायद्यात टिकतही नाही.

व्होल्टेजच्या आरोपाला फोनवर उत्तर देऊ नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीतल्या सॉकेटचे व्होल्टेज आणि अर्थिंग तपासून घ्या आणि तारखेसह लेखी घ्या. यूपीएस असेल तर त्याचे बिल जोडा, नसेल तर योग्य क्षमतेचा घ्या. मग कंपनीला विचारा : व्होल्टेजमुळे कोणता भाग, कसा खराब झाला, ते तुमच्या तंत्रज्ञाच्या सहीने कळवा. एक गंमत पाहा. ज्या यंत्रात त्यांना दोनदा ‘बिघाड सापडला नाही’, त्यात व्होल्टेजमुळे बिघाड झाला असे तेच म्हणत आहेत. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. त्यांनी फोनवर जे सांगितले ते ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून त्यांनाच ई-मेलने कळवा. उत्तर आले नाही तरी तो ई-मेल पुरावा म्हणून उभा राहतो.

एका बाबतीत तुम्ही सावध राहायला हवे. संगणकाच्या पुस्तिकेत चालवण्याची तापमान-मर्यादा दिलेली असते, बऱ्याचदा ३५ अंशांपर्यंत. उन्हाळ्यात दुपारी बंद खोलीत ४० अंशांत चालवला अशी तुमचीच नोंद असेल तर कंपनी ती तुमच्याविरुद्ध वापरेल. हिवाळ्यातले आणि रात्रीचे बिघाड म्हणून जास्त मोलाचे. जानेवारीतल्या थंडीत बंद पडलेल्या यंत्राला उन्हाळ्याची सबब नाही.

यापुढे यंत्र देताना जॉब शीटवर ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ असे दोन शब्द लिहू देऊ नका. तुमच्या शब्दांत पूर्ण तक्रार लिहायला लावा : ‘पूर्ण भारावर ३० ते ४५ मिनिटांनी चित्र जाते; किमान तीन तास भाराखाली तपासावे; लॉग द्यावा.’ संगणक देण्याआधी डेटाची प्रत काढा आणि काचेतून दिसतो तो कार्डाचा अनुक्रमांक फोटोत टिपा, म्हणजे बदलले की तेच परत आले हे कळेल. परत घेताना सहीच्या जागी ‘तक्रार कायम ठेवून ताब्यात घेतले’ असे लिहा. ‘समाधानकारक दुरुस्ती मिळाली’ या छापील ओळीखाली सही करून आलेले पालक मी नेहमी पाहते. त्या एका सहीवर कंपनीचा वकील अर्धी बाजू मांडतो.

चार महिने उरलेत म्हणून घाबरू नका. वॉरंटीच्या काळात लेखी केलेली तक्रार वॉरंटी संपली म्हणून मरत नाही. आयोगात तक्रार दाखल करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. तरी या आठवड्यातच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. न मिटल्यास स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण दिलेली बरी.

पुढची पायरी जळगावचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ३४ देते. बिलाच्या मागे ‘न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर’ असे छापले असेल तर त्याने बिचकू नका. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. व्हिडिओ आणि स्क्रीनचे फोटो देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा, म्हणजे हरकतीला जागा राहणार नाही.

अर्जातच एक विनंती ठळकपणे करा : ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार यंत्र सील करून योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवावे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाला हा अधिकार आहे आणि तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर तक्रार लंगडी पडते. मोटारीतल्या आवाजाच्या एका प्रकरणात, सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितले आणि मूळ उत्पादनदोष निघाला तर किंमत व्याजासह परत करावी असा आदेश दिला. आपल्यालाही हाच मार्ग धरायचा आहे.

मागणी मात्र पायऱ्यांनी लिहा. आधी कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही नवे, ते न जमल्यास त्याच क्षमतेचा नवा संगणक, तेही न जमल्यास पूर्ण किंमत व्याजासह, शिवाय त्रासाची भरपाई व खर्च. थेट पूर्ण पैसे मागणारे अनेकदा निराश होतात. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (२००६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सदोष भाग बदलण्याची वॉरंटी असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नव्हता. दोन-तीन वेळा दुरुस्तीला संधी देऊनही दोष गेला नाही, हे कागदावर दिसले की पूर्ण परताव्याची बाजू खरी जड होते. तुमच्या दोन जॉब शीट आहेतच. तिसरी माझ्या सांगण्याप्रमाणे लिहून घ्या.

लग्नाच्या व्हिडिओचे ऐकून काळजी करू नका. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याबाहेर जाते हे खरे, पण स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर सांगितले आहे. इथे तर संगणक मुख्यतः शिक्षण आणि खेळासाठी आहे. अर्जात हे लपवू नका, जसे आहे तसे लिहा. बिल कुटुंबाच्या नावावर हवे. एखाद्या फर्मच्या जीएसटी क्रमांकावर घेऊन कर-परतावा उचलला असेल तर मात्र प्रश्न उभा राहील.

कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी असल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवा. कंपनीला उत्तरासाठी ३० आणि वाढीव १५ दिवसच मिळतात. त्यापलीकडे मुदत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले आहे. त्या तारखेवर लक्ष ठेवा.

प्रश्न : धुळ्यात दुकानातून ६२ हजारांचा संगणक जुळवून घेतला. दुकानदाराने वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला, पक्के बिल दिले नाही. आता ग्राफिक्स कार्ड जुने निघाल्याचा संशय आहे. पैसे अर्धे यूपीआयने, अर्धे रोख दिले.

उत्तर : वहीचा तो कागद फेकू नका. तो, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे आणि कार्डावरचा अनुक्रमांक, एवढ्यावर खरेदी सिद्ध होऊ शकते. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे, त्यामुळे बिल नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही. दुकानदाराला लेखी कळवून पक्के बिल मागा. अनुक्रमांक कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. तुमच्या खरेदीच्या बऱ्याच आधीची तारीख दिसली तर त्या पानाचा फोटो पुराव्यात लावा आणि धुळ्याच्या जिल्हा आयोगात जा. अर्जात रोख दिलेल्या रकमेचा आकडा पुरावा असेल तेवढाच लिहा.