पाच अक्षरांचे स्मारक

माणूस गेल्यावर त्याचे नाव कोठे उरते? इतिहासाच्या तासाला आम्ही हा प्रश्न विचारला की शिलालेख, दानलेख, स्तंभ अशी उत्तरे येतात. स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका निराळ्या स्मारकाचा परिचय करून देत आहोत. ते सुरांत कोरलेले आहे.

झाँ अलँ हा फ्रेंच ऑर्गनवादक व संगीतरचनाकार १९११ साली जन्मला. वडील ऑर्गनवादक होते; घरातच त्यांनी स्वतः बांधलेला ऑर्गन होता. दुसऱ्या महायुद्धात अलँ सैन्यात मोटारसायकलस्वार झाला. १४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. १७ जूनला मार्शल पेतँ यांनी लढाई थांबवण्याची भाषा केली. तरीही सोम्यूर येथे प्रतिकार चालूच राहिला आणि २० जूनला तेथेच अलँ लढताना मारला गेला. वय अवघे २९. दोन दिवसांनी युद्धविरामावर सह्या झाल्या.

मॉरिस द्युरुफ्ले हा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. दोघांनीही पॉल द्युका यांच्याकडे रचनेचे शिक्षण घेतले होते. द्युरुफ्ले अत्यंत काटेकोर वृत्तीचा. आयुष्यभरात त्याने मोजक्याच रचना प्रसिद्ध केल्या. १९४२ मध्ये, पॅरिस परक्या सत्तेखाली असताना, त्याने अलँच्या स्मृतीस अर्पण केलेली रचना पूर्ण केली : ‘अलँच्या नावावर प्रिल्यूड आणि फ्यूग’. २६ डिसेंबर १९४२ रोजी शायो प्रासादात त्याने ती स्वतः वाजवली.

नावाचे सूर कसे झाले, ते पाहू. पाश्चात्त्य पद्धतीत सात स्वरांना ए ते जी ही अक्षरे आहेत. जर्मन प्रथेत एच हेही स्वराचे नाव आहे. पुढील अक्षरांसाठी द्युरुफ्लेने आय म्हणजे पुन्हा ए, अशी मोजणी केली. त्यानुसार एल म्हणजे डी आणि एन म्हणजे एफ. अलँ या नावाचे रोमन स्पेलिंग ए, एल, ए, आय, एन असे आहे. त्याचे सूर झाले ए, डी, ए, ए, एफ.

प्रिल्यूड म्हणजे प्रास्ताविक वादन. त्यात हे सूर अखंड वाहणाऱ्या लयीत मिसळतात आणि शेवटाकडे अलँच्याच ‘लितानी’ या १९३७ मधील रचनेची चाल ऐकू येते. जणू गेलेल्या मित्रालाच बोलू दिले आहे. फ्यूगमध्ये एका आवाजाने ओळ धरायची व ती पूर्ण होताच दुसऱ्याने तीच ओळ वेगळ्या पट्टीत उचलायची, असा क्रम असतो. येथे ओळी दोन आहेत. पहिली नावाच्या सुरांनी सुरू होणारी, संथ, दुसरी चपळ. आधी त्या स्वतंत्रपणे विस्तारतात, मग एकत्र येतात आणि पूर्ण ऑर्गनच्या घोषात रचना संपते.

या इतिहासातून आम्ही एक गोष्ट शिकलो. द्युरुफ्लेने मित्राचा केवळ गौरव केला नाही. त्याचे नाव आपल्या कामाचा पाया केले आणि त्याचे काम आपल्या कामात वाजते ठेवले. म्हणून जगभरचे ऑर्गनवादक आजही ते नाव बोटांनी शिकतात. स्मरणिकेची पाने मिटल्यावर आपणही स्वतःला विचारावे : ज्यांनी आपल्याला घडवले, त्यांचे नाव आपल्या कोणत्या कामात ऐकू येते?